लाड, मार आणि पाच रुपयांचा पुडा

पाडव्याच्या आगेमागे साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, हंगाम संपतो, आणि बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ऊसतोडीहून परतीचे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीत भांड्यांची पोती, ताडपत्री, मोडलेली बाज, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. बालवाडीच्या कामानिमित्त मी वस्त्यांवर फिरते. धारूरच्या घाटापलीकडच्या एका वस्तीवर असाच एक ट्रॅक्टर थांबताना मी पाहिला. त्यातून उतरलेल्या बाईनं दसऱ्याला सासूजवळ ठेवलेला तीन वर्षांचा मुलगा समोरच उभा होता. तिनं हात पुढं केले, तसं पोरगं आजीच्या लुगड्याआड गेलं. मग तिनं बाजारातून आणलेली लाल मोटार पुढं धरली. त्यानं मोटार घेतली, चाकं फिरवून पाहिली आणि तिच्याच अंगावर फेकली. खाली बसून मूठभर फुफाटा उचलला आणि तोही फेकला.

ओट्यावर बसलेल्या मंडळींचा निकाल तयार होता. "आजीनं लई लाडावून ठेवलंय." "बापाचा धाक न्हाई, दुसरं काय." एक आजोबा बोलले ते मायेनंच बोलले, "सूनबाई, आत्ताच दोन ठेवून दे. आज सोडलंस तर उद्या डोक्यावर बसंल." त्या थकलेल्या बाईनं दोन ठेवून दिल्या. पोरगं रडलं नाही. आजीच्या मांडीवर जाऊन बसलं आणि रात्री आईनं भरवलेला पहिला घास त्यानं थुंकून टाकला.

लाडानं लेकरू बिघडतं आणि धाकानं सुधारतं, हे मत एका ओट्यापुरतं नाही. शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, शहरातल्या सुशिक्षित घरांतही मी ते ऐकलं आहे. ते चूक आहे आणि त्याचा भुर्दंड तीन-चार वर्षांची लेकरं भरतात, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या शास्त्रचर्चेची एक चांगली शिस्त आहे. ज्या मताचं खंडन करायचं, त्याचा पूर्वपक्ष आधी त्याच्या सगळ्या बळानिशी मांडायचा. तसाच तो मांडते. फांदी ओली असते तोवरच वाकते. लेकराला कुणापुढं किती ताणायचं ते बरोबर कळतं. आजीपुढं ते लोळण घेतं आणि शिक्षकापुढं गप्प बसतं, म्हणजे धाक असला की वागता येतं. आजी-आजोबांचं मन मऊ, आई-बाप सहा महिने दूर, मग लेकराला आवरणार कोण? आमच्या पाठीवर वळ उठले, आमचं काय बिघडलं? चाणक्यानं ताडन सांगितलंय आणि श्यामच्या आईनंही मारलंच होतं. हे सांगणारी माणसं निर्दय नाहीत. दुष्काळात पाच-सहा लेकरं जगवलेली माणसं आहेत ती, आणि त्यांच्या शब्दाला म्हणूनच वस्तीवर मान आहे.

आधी ग्रंथांचा आधार पाहू. चाणक्याच्या नावावर सांगितला जाणारा श्लोक लोक मधूनच उचलतात. पाच वर्षांपर्यंत मुलाचे लाड करावेत, पुढची दहा वर्षं ताडन करावं आणि सोळावं लागलं की मित्रासारखं वागावं, असा त्याचा पूर्ण अर्थ आहे. ओट्यासमोर ज्यानं मार खाल्ला तो तीन वर्षांचा होता. ज्या श्लोकाच्या जोरावर हात उगारला जातो, त्याच श्लोकाचा पहिला चरण त्या हाताला अडवतो. त्याच संग्रहात लाडात पुष्कळ दोष आणि ताडनात पुष्कळ गुण आहेत असं सांगणारा दुसरा श्लोकही आहे, तो मी लपवत नाही. पण तिथं पुत्र आणि शिष्य यांची जोडी घातली आहे, म्हणजे बोलणं शिकायला बसवलेल्या वयाबद्दल चाललं आहे. आणि शिकायच्या वयाबद्दलही आपल्या देशानं आता वेगळा निर्णय घेतला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली.

साने गुरुजींचं 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. बेचाळीस रात्रींच्या त्या गोष्टींत आईच्या हातचा मार आहे हे खरं. तो किती थोड्या पानांवर आहे आणि बाकीच्या रात्री ती माउली काय करते, हे मार सांगणाऱ्यांनी पुन्हा एकदा वाचून पाहावं. ती मुलाशी बोलते, कारण सांगते, त्याला कामात सोबत घेते, त्याच्या चुकीनं स्वतः कष्टी होते. एवढ्या सहवासातून घडलेल्या मुलाच्या चांगुलपणाचं श्रेय छडीला द्यायचं हा त्या पुस्तकावर अन्याय आहे.

"आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं" हा युक्तिवाद मला सगळ्यांत जास्त ऐकावा लागतो, आणि त्यातलं दुखणं मला कळतं. आपल्या आई-बापांनी चूक केली असं म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. म्हणायची गरजही नाही. १९७२ च्या दुष्काळातून तगलेली माणसं आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. ती दुष्काळामुळं धडधाकट झाली असं आपण म्हणत नाही. दुष्काळ असूनही कशाच्या तरी आधारानं ती तगली, असं म्हणतो. मार खाऊन चांगल्या निघालेल्या माणसांच्या मागंही कुणाची तरी मांडी होती, भावंडं होती, गोठा होता, संध्याकाळी नाव घेऊन हाक मारणारं माणूस होतं.

राहिला उरलेला दावा, की मार दिला की लेकरू गप्प होतं. होतं, हे मी नाकारत नाही, आणि फसगत तिथंच होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं घराघरांत निरीक्षक बसवून वर्षानुवर्षं नोंदी केल्या आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याला दिसलं ते असं. मूल ओरडतं, मोठं माणूस खेकसतं, मूल आणखी वर चढतं, मोठं माणूस हात उगारतं किंवा हार मानतं. मोठ्यानं हार मानली तर मूल शिकतं की आणखी वर चढलं की मिळतं. मूल गप्प झालं तर मोठं माणूस शिकतं की हात उगारला की शांतता मिळते. दोघंही एकमेकांना शिकवत असतात आणि पुढच्या वेळी दोघंही एक पायरी वरून सुरुवात करतात. मारानं आधी कोण बदलतं, तर मारणारा. काल डोळे वटारून भागत होतं, आज चापट लागते, महिन्याभरानं चुलीजवळची फुंकणी हातात येते.

२०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र केले. त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलं येतात. त्यांनी गंभीर मारहाण बाजूला ठेवून फक्त आपण ज्याला 'दोन ठेवून देणं' म्हणतो तेवढंच पाहिलं. त्यानं मुलं अधिक आज्ञाधारक झाली असं निघालं नाही. आक्रमकपणा, खोटं-चोरी, मनाची उदासी, आई-बापांशी बिघडलेलं नातं यांच्याशीच त्याचा संबंध निघाला. यावर रॉबर्ट लार्झेलिअर यांच्यासारख्या अभ्यासकांचा आक्षेप आहे की मुळात जी मुलं जास्त त्रास देतात तीच जास्त मार खातात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? आक्षेप रास्त आहे. मूल आधी किती त्रास देत होतं ते जमेस धरून केलेल्या अभ्यासांत हा संबंध पुष्कळ क्षीण होतो. पण क्षीण झाला तरी उलटत नाही. माराची बाजू घेणाऱ्यांना लागतो तो पुरावा, म्हणजे मारानं मूल पुढं अधिक चांगलं वागू लागलं हा, त्यातूनही निघत नाही.

एवढ्यानं खंडन झालं. पण लेकरानं मूठभर फुफाटा आपल्या आईच्या अंगावर कामून फेकला, याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि मला खरं त्याविषयीच बोलायचं आहे.

त्या संध्याकाळी मी घरात बसले. हळूहळू गोष्टी निघाल्या. पोरगं आजीला 'माय' म्हणत होतं आणि आईला तिच्या नावानं हाक मारत होतं, कारण घरात ते नाव आजीच्या तोंडून तसंच ऐकलेलं. रात्री झोपायला तयार नव्हतं. डोळे मिटू लागले की दचकून उठायचं आणि आजीचा पदर मुठीत आहे ना ते बघायचं. मी विचारलं, दसऱ्याला निघालात तेव्हा हा काय करत होता? आई खाली बघत म्हणाली, "झोपला होता. उठवलं असतं तर लई रडला असता, म्हणून तसंच निघालो."

वस्त्यावस्त्यांवर असंच निघतात. ट्रॅक्टर पहाटे लागतो, लेकरू झोपेत असतं, आणि त्याचं रडणं पाहवणार नाही म्हणून आई-बाप पावलं न वाजवता बाहेर पडतात. मायेपोटीच करतात. लेकराच्या बाजूनं बघा. ते झोपलं तेव्हा आई होती, उठलं तेव्हा नव्हती. झोपेची भीती त्याला त्या सकाळी बसली आणि आपण तिला झोपेचा हट्ट म्हणतो.

इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक साधी फिल्म केली. दोन वर्षांची मुलगी आठ दिवसांसाठी इस्पितळात राहते, एवढीच गोष्ट. त्या काळच्या इस्पितळांचा समज होता की मूल दोन दिवस रडतं, मग रुळतं. रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी दाखवलं की रुळणं म्हणून जे दिसतं ते वेगळं असतं. मूल आधी आकांत करतं, मग मलूल होतं, आणि शेवटी आईपासून मन काढून घेतं. 'आता बरंय, आठवणच काढत नाही' असं जे आपण फोनवर साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या फडावर आईला कळवतो, ती बहुधा ही शेवटची अवस्था असते. आणि आई परत आली की ते गोठलेलं मन वितळताना राग बाहेर येतो. मूल पाठ फिरवतं, मारतं, आणलेली वस्तू फेकतं, नंतर काही आठवडे आईच्या पायात पाय घालून फिरतं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. तीन वर्षांच्या आयुष्यातले सहा महिने म्हणजे सहावा हिस्सा. छत्तीस वर्षांच्या माणसाच्या मापानं ती सहा वर्षं होतात. सहा वर्षं न सांगता निघून गेलेलं माणूस दारात उभं राहिलं तर आपण लगेच गळ्यात पडू का?

फुफाटा फेकण्यात मला म्हणूनच उद्धटपणा दिसला नाही. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरच राग निघतो. ते लेकरू आईला ओळखत होतं म्हणून त्यानं फेकला. आणि तू आता राहणार आहेस की पुन्हा जाणार, हे विचारायला त्याच्याजवळ शब्द नव्हते. त्याच्या प्रश्नाला त्या दिवशी दोन चापटांचं उत्तर मिळालं.

इथं लगेच दुसरी चूक होते आणि ती पहिलीइतकीच वाईट आहे. मग आईनं लेकरू सोडून जायचंच कशाला, असं लोक म्हणतात. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावावर घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात आणि घरी राहिलेल्या बाईच्या वाट्याची उचल फिटत नाही. लेकरू सोबत न्यावं तर पहाटे तीन-चारला फडात कोयता सुरू होतो. लेकरू कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर, नाही तर फडाच्या कडेला वाढ्यांच्या सावलीत. त्यात त्या आईचं वय बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दहा बायकांपैकी चौघींहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. तीन वर्षांच्या लेकराची आई कित्येकदा एकोणीस-वीस वर्षांची पोरच असते. तिच्यावर दोष ठेवून कुणाचं भलं होणार?

विद्येच्या बाजूनंही तो दोष टिकत नाही. बोल्बींनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालावरून पुष्कळांनी आईला खिळवून ठेवायचा अर्थ काढला. १९७२ साली मायकेल रटर यांनी त्या सगळ्या पुराव्याची फेरतपासणी केली आणि दाखवलं की नुसतं दूर राहणं मुलाला मोडत नाही. मागं कोण राहिलं, ते नातं किती भरवशाचं आहे, घरात भांडणं किती आहेत, यावर पुष्कळ ठरतं. खुद्द रॉबर्टसन पती-पत्नींनी पुढं आई इस्पितळात असलेली काही लहान मुलं आपल्या घरी सांभाळली. आधी मुलांना घर दाखवून आणायचे, त्यांचं अंथरूण आणि खेळणी सोबत घ्यायचे, आईचा फोटो जवळ ठेवायचे, रोज आईचं नाव काढायचे. ती मुलंही बिथरली, पण पाळणागृहात एकटं पडलेल्या मुलासारखी मोडली नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे काम कोण करतं? आजी करते. जिला आपण लेकरू बिघडवणारी म्हणतो, तीच त्याच्या भरवशाचा खांब आहे.

मग आजीचे लाड? त्या घरात मी पुढं तीन-चारदा गेले आणि एका दुपारी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते. आजी साठीच्या आसपासची. तिनं स्वतः वीसेक हंगाम ऊस तोडलेला, मोळ्या वाहून मान आखडलेली. घरात दोन मुलांची मिळून चार नातवंडं. ती भाकरी थापत होती. पोरग्यानं टपरीवरच्या पुड्यासाठी पाच रुपये मागितले. "न्हाई," आजी म्हणाली. त्यानं पदर ओढला. "न्हाई म्हणलं ना." तो जमिनीवर पडला, पाय आपटू लागला. शेजारीण डोकावली. तव्यावरची भाकर करपली. दारातली शेळी पिठाच्या परातीत तोंड घालायला आली. आजीनं पिठाच्याच हातानं कमरेची चंची सोडली आणि नाणं फेकलं. "घे, मर तिकडं!" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी काय काय बघू माय? शेळी बघू, भाकरी बघू का ह्याला बघू?"

यात लाड कुठं आहेत? मला दिसला तो थकवा. लाड म्हणजे मांडीवर घेणं, गोष्ट सांगणं, न मागता जवळ ओढणं. त्यानं कुठलंही लेकरू बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही. इथं लेकराला आजीची माया हवी तेव्हा मिळत नव्हती, कारण तिला उसंत नव्हती, आणि नको ते नाणं लोळण घेतल्यावर मिळत होतं. तेही रोज नाही. कधी पहिल्या मागण्याला, कधी तिसऱ्या किंकाळीला, कधी नाण्याऐवजी फटका. जे कधी मिळतं आणि कधी मिळत नाही, त्यासाठीची धडपड सगळ्यांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी पुष्कळ आधी दाखवलं आहे. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला ते प्रयोगाविना ठाऊक असतं. एक दिवस लागला म्हणून माणूस वर्षभर लावत राहतो. लेकराच्या हट्टाला आपण असंच चिवट करून ठेवतो.

त्या दुपारनंतर आजी, आई आणि बाप एकत्र बसले. चुलताही बसला, कारण लोळण घेतलं की हळूच नाणं देणाऱ्यांत तोही होता. ठरलं ते थोडकंच. पुडा बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा, आणि तो कुणी द्यायचा तर आईनं. एरवी 'नाही' म्हटलं की घरातल्या चौघांचंही नाहीच. लोळण घेतलं तर ओरडायचं नाही, उपदेशही करायचा नाही, लागणार नाही एवढं पाहायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं. उठला की मागचं न काढता जवळ घ्यायचं. आणि रोज अर्धा तास आईनं फक्त त्याच्यापाशी बसायचं, तो म्हणेल तो खेळ खेळायचा.

मी एक गोष्ट आधीच बजावून ठेवली होती, आणि ती प्रत्येक घराला सांगायला हवी. पहिले काही दिवस हट्ट वाढतो. ज्या किल्लीनं कुलूप उघडत होतं ती चालेना झाली की माणूस ती आधी जोरात पिळून बघतो. तिसऱ्या दिवशी पोरग्यानं डोकं भिंतीवर आपटलं. चुलत्याचा हात खिशाकडं गेला. आजीनं भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला तळहात धरला आणि काहीच बोलली नाही. बरीचशी घरं याच दिवशी माघार घेतात आणि मग म्हणतात, हे उपाय पुस्तकातले. दुसऱ्या आठवड्यात लोळण कमी झालं. पूर्ण गेलं नाही. तीन वर्षांच्या वयात ते पूर्ण जात नसतं, कारण दीड वर्षापासून चार वर्षांपर्यंत लेकराची इच्छा मोठी असते आणि शब्द तोकडे असतात.

इथं पूर्वपक्षाचं एक देणं मान्य करायला हवं. लेकराला मर्यादा लागते, हे त्याचं म्हणणं खरं आहे. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतली कुटुंबं अभ्यासली तेव्हा काहीही खपवून घेणाऱ्या घरांतली मुलंही त्यांना सावरलेली दिसली नाहीत. माया भरपूर आणि नियम ठाम, अशा घरांतली दिसली. यासाठी अमेरिकेकडं बघायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला आणि पुढं बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी नेली. त्या परंपरेत बक्षीस आणि शिक्षा दोन्ही वर्ज्य होत्या, आणि तरी वस्तू जागेवर ठेवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे सगळं शिकवलं जात होतं. गरिबांच्या लेकराला मारच कळतो असं म्हणणाऱ्यांना मी कोसबाडचं नाव सांगते.

आणि सगळी लेकरं एका मातीची नसतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधली मुलं तान्हेपणापासून वर्षानुवर्षं पाहिली. साधारण दहातलं एक मूल जन्मतःच अवघड स्वभावाचं निघालं. झोपेची-भुकेची वेळ नाही, नव्याशी वैर, रडणं टिपेचं. त्याचे आई-बाप इतरांहून वाईट नव्हते. एकाच आजीनं वाढवलेल्या चार नातवंडांत एकच वांड कसं, याचं उत्तर यात आहे.

अजून एक. आपल्या भाषेत 'ऐकत नाही' या दोन शब्दांत सांगितलेलं न मानणं आणि कानाला ऐकू न येणं या दोन्ही गोष्टी बसतात, आणि घरातल्यांना यातली पहिलीच सुचते. वाहणारा कान वर्षभर अंगावर काढलेली लेकरं मी पाहिली आहेत. आवाज दिला तरी वळत नाही म्हणून मार खाल्लेली. तसंच रडता रडता श्वास धरून निळं पडणारं लेकरू. घरचे त्याला बाहेरचं काही समजून अंगारा लावतात, पण अशा लेकरांत रक्त कमी असल्याचं पुष्कळदा आढळतं आणि लोहाच्या औषधानं झटके कमी होतात. वेळेवर बोलणं न येणं, नजरेला नजर न देणं, तेच ते करत राहणं, क्षणभर एका जागी न ठरणं, यांतलं काही असेल तर नातेवाइकांच्या सल्ल्यावर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नये. आजीचंच मन खचलं असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. दृष्ट काढायची तर काढावी, मीठ-मिरचीनं लेकराला इजा होत नाही. मात्र दवाखान्याची वेळ त्यात घालवू नये.

माझी खरी तक्रार घरावर नाहीच. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात, शिरूर कासारजवळ आर्वीचं शांतिवन यासारख्या संस्था उभ्या राहिल्या, सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली. हे सगळं शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. तीन वर्षांचं लेकरू त्यांत बसत नाही. त्याला काही तासांची अंगणवाडी आणि चोवीस तासांची आजी. वस्तीवर सहा महिने दिवसभराचं पाळणाघर चालवलं, चार आज्यांमध्ये एक तरुण मदतनीस दिली, तर पाच रुपयांसाठी लोळण घेणारी निम्मी लेकरं लोळण घेणार नाहीत, असं मी वस्त्या पाहून म्हणते. कारखान्याला उसाच्या वजनाचा हिशेब काट्यावर ठेवता येतो. मागं राहिलेल्या लेकरांची गावनिहाय यादी ठेवणं त्याहून अवघड नाही.

पुढचा दसरा आला. या वेळी निघण्याच्या आठ दिवस आधीपासून आई त्याला रोज सांगत होती. मी ऊस तोडायला जाणार, तू मायजवळ राहणार, पाडव्याला मी येणार. तिची एक जुनी साडी त्याच्या गोधडीवर टाचली. भिंतीवर दोघा नवरा-बायकोचा फोटो त्याच्या उंचीला लावला. रोज दिवे लागायच्या वेळी फोन करायचा ठरला, मग तो बोलो की न बोलो. मी त्या पहाटे तिथं होते. आईनं त्याला उठवलं, तोंड धुतलं, कडेवर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत आणलं आणि सासूच्या हातात दिलं.

"आत्या, येते."

पोरग्यानं जो आकांत मांडला तो खालच्या वस्तीपर्यंत गेला असेल. 'मम्मी, मम्मी' म्हणत होता, नाव घेत नव्हता. ओट्यावरचे तेच आजोबा पुढं आले, "आगं, आत ने त्याला, दार लाव. कामून रडवायलीस?"

आजीनं त्याला खांद्यावर घट्ट धरलं होतं. दिवे दिसेनासे होईपर्यंत ती रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

"रडू द्या बाप्पा," ती म्हणाली. "त्याची माय चाललीय."